हललेला फोटो

तुमच्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पक्ष्याचा फोटो काढला असेल. समोरच्या झाडावर पोपट बसलेला असतो. त्याची लाल चोच, गळ्याभोवतीचा पट्टा, सारे तुम्हांला स्पष्ट दिसत असते. घाईघाईने तुम्ही फोटो काढता आणि पाहता, तर काय? पानांच्या गर्दीत एक हिरवा ठिपका! मोठा करून पाहावा, तर तो ठिपका अधिकच पसरतो. मग तुम्ही म्हणता, "कॅमेराच चांगला नाही."

मीही असेच म्हणत होतो. एक वर्ष म्हणत होतो.

मी मालेगावात राहतो आणि उर्दू माध्यमाच्या एका शाळेत गणित शिकवतो. तुमच्यासारखाच मीही उर्दू शाळेत शिकलो. मराठी ही माझी दुसरी भाषा. माझे अब्बा यंत्रमागावर काम करीत. त्यांची एक सवय मला नीट आठवते. कापडात दोष दिसला, की ते प्रथम माग थांबवत. मग कापडावर हात फिरवून दोष कसा आहे ते पाहत. धागा तुटला आहे, की ताण कमी पडला आहे, की सूतच कच्चे आहे? ते कळेपर्यंत ते मागाला हात लावत नसत. शेजारचा एखादा कामगार दोष दिसताच मागाला शिव्या देई. अब्बा नुसते हसत. ही सवय माझ्यात उतरली असती, तर माझे एक वर्ष वाचले असते.

पक्षी पाहण्याचा नाद मला उशिरा लागला. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वर नावाचे ठिकाण आहे. तेथे गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ बंधारा बांधलेला आहे. त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. जानेवारी २०२० मध्ये ही जागा रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. पाणथळ जागांची ही जगभरची यादी आहे, आणि तिच्यात आलेली महाराष्ट्रातील ही पहिली जागा. एका सहलीत मी मुलांना घेऊन तेथे गेलो. चमचा नावाचा पांढराशुभ्र पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवत होता. जणू कोणी मोठ्या पातेल्यातील खीर ढवळत आहे! तेव्हाच ठरवले, याचा फोटो काढायचा.

मुंबईच्या फोर्ट भागातील एका दुकानातून मी जुना कॅमेरा आणि तीनशे मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स घेतली. टेलिफोटो लेन्स म्हणजे दूरची वस्तू जवळ आणून दाखवणारी लेन्स. दुकानाचे नाव मी सांगत नाही. त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात किती बोल लावले, हे पुढे तुम्हांला कळेलच.

पहिल्याच रविवारी मी पहाटेची एस. टी. पकडून निफाड गाठले. दिवसभरात तीनशे फोटो काढले. रात्री घरी येऊन ते संगणकावर पाहिले. तीनशेपैकी एकही धड नव्हता! चमच्याची चोच कोठे संपते आणि पाणी कोठे सुरू होते, हे कळत नव्हते. जांभळी पाणकोंबडी शाई सांडल्यासारखी दिसत होती. माझी धाकटी मुलगी खुर्चीमागे उभी होती. ती म्हणाली, "अब्बू, हे पक्षी पावसात भिजलेत का?"

मी लगेच निर्णय देऊन टाकला. दुकानदाराने फसवले. लेन्स खराब आहे.

लेन्स परत करायला मुंबईला जायचे, तर पुरावा हवा. म्हणून मी एक प्रयोग केला. तो तुम्हीही करू शकाल. घरात उर्दू वर्तमानपत्र येत होते. त्याचे एक पान मी भिंतीवर ताणून चिकटवले. समोर तिपाई उभी करून तिच्यावर कॅमेरा घट्ट बसवला. बटण दाबताना हात लागून कॅमेरा हलू नये, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी व्यवस्था केली आणि फोटो काढला.

आता उर्दू वर्तमानपत्रच का? तुम्ही हे माझ्याइतकेच जाणता. बार, पार, तार, यार, नार हे शब्द उर्दूत लिहून पाहा. आकार सगळ्यांचा एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. एक खाली, तीन खाली, दोन वर, दोन खाली, एक वर. लेन्स थोडी जरी कमी पडली, तरी नुक्ते एकमेकांत मिसळतात आणि 'पार'चा 'बार' होतो. लेन्सची परीक्षा घ्यायला याहून चांगली प्रश्नपत्रिका मला तरी माहीत नाही.

फोटोत नुक्ते मिसळलेले होते. माझा राग खरा ठरला! परंतु लेन्स पिशवीत भरताना तिच्या तोंडावर बसवलेल्या काचेकडे माझे लक्ष गेले. लेन्सला ओरखडा पडू नये म्हणून ही साधी काच मी स्वतःच पदपथावरच्या विक्रेत्याकडून स्वस्तात घेतली होती. त्याला फिल्टर म्हणतात. मी तो काढला आणि पुन्हा फोटो काढला. यावेळी एकेक नुक्ता सुटा, स्पष्ट! लेन्स उत्तम होती. तिच्या डोळ्यांवर कोणाचा तरी मळकट चष्मा मीच चढवला होता.

मला फार लाज वाटली. दुकानदाराला मी प्रत्यक्ष काही बोललो नव्हतो, एवढेच समाधान.

पुढच्या रविवारी फिल्टर काढून मी पुन्हा नांदूरमधमेश्वरला गेलो. फोटो सुधारले, पण थोडेच. आता मात्र मला अब्बांच्या हाताची आठवण झाली. दोष आहे हे खरे, पण तो कसा आहे? मी वही घेतली आणि प्रत्येक बिघडलेला फोटो मोठा करून पाहू लागलो. तेव्हा लक्षात आले, की सगळे धूसर फोटो एकसारखे धूसर नसतात.

काही फोटोंत पक्षी, गवत, दगड, सारेच एका बाजूला ओढल्यासारखे दिसत होते. पाण्यावर चमकणारे उन्हाचे थेंबसुद्धा गोल न दिसता लहान रेघांसारखे दिसत होते. याचा अर्थ, माझा हात हलला होता. तुम्ही लांब काठीने झाडावरचा आंबा पाडला आहे काय? काठी जितकी लांब, तितके तिचे टोक जास्त हलते. टेलिफोटो लेन्सचेही तसेच असते. ती पक्ष्याला मोठे करते, तशीच हाताच्या कंपालाही मोठे करते. यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याची खिडकी फार थोडा वेळ उघडी ठेवायची. जुने छायाचित्रकार एक साधा हिशेब सांगतात. लेन्स तीनशेची असेल, तर सेकंदाच्या तीनशेव्या भागाहून जास्त वेळ नको. माझ्या कॅमेऱ्यातील सेन्सर लहान आहे. अशा कॅमेऱ्यात कंप आणखी मोठा दिसतो, म्हणून मी पाचशेवा भाग धरतो. पहिल्या दिवशी माझा कॅमेरा सेकंदाच्या साठाव्या भागावर होता! डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर वेळ, वेग अशी सारी माहिती नोंदवून ठेवतो. मी ती कधी उघडून पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या काही फोटोंत दगड स्वच्छ होते, गवत स्वच्छ होते, फक्त पक्ष्याचे पंख पुसट. येथे हात स्थिर होता, पण पक्षी हलला होता. उडणाऱ्या पक्ष्याला पाचशेवा भागही पुरत नाही. तेथे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जावे लागते. एवढ्या थोड्या वेळात प्रकाश कमी मिळतो. म्हणून आय. एस. ओ. वाढवावा लागतो आणि फोटोत रवाळपणा येतो. येऊ द्यावा. रवाळ पक्षी ओळखता तरी येतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत मजेदार वाटला. पक्षी धूसर, पण त्याच्या पुढचे लव्हाळे इतके स्पष्ट, की त्यावरचा मुंगळाही मोजता यावा! कॅमेऱ्याने आपल्या मर्जीने लव्हाळ्यावर नजर लावली होती. दूरच्या लेन्सने एका वेळी फार थोडी खोली स्पष्ट दिसते. माझी लेन्स ५.६ या छिद्रावर असेल आणि पक्षी पाच मीटरवर असेल, तर पुढचीमागची मिळून सुमारे सहा सेंटिमीटर जागाच काय ती स्पष्ट. तुमची चार बोटे जवळ ठेवा. साधारण तेवढी. चोच त्या पट्टीत सापडली, तर शेपटी बाहेर राहते. म्हणून कॅमेऱ्याला सगळीकडे पाहू द्यायचे नाही. मधला एकच बिंदू निवडायचा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवायचा. डोळा स्पष्ट असेल, तर बाकीचे थोडे पुसट असले तरी चालते. माणसाच्या फोटोतही आपण आधी डोळेच पाहतो ना?

मार्च महिन्यापर्यंत माझे दहापैकी सहा फोटो चांगले येऊ लागले. शाळेच्या फलकावर मी चमच्याचा फोटो लावला. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. आता आपल्याला सारे कळले, असे मला वाटू लागले. अशा वेळी माणसाने सावध राहावे, पण मी राहिलो नाही.

एप्रिल उजाडला. गावाबाहेरच्या माळावर मला टिटवी दिसली. टिटवी तुम्हां सर्वांना माहीत आहे. उर्दूत आपण तिला टिटहरी म्हणतो. डोळ्यांपुढे लाल मांसल पट्टी, लांब पिवळे पाय, आणि माणूस दिसताच 'टिटीव टिटीव' असा आरडाओरडा. ही टिटवी मात्र ओरडत नव्हती. खडकाळ जमिनीवर ती गुपचूप बसली होती. ती क्षणभर उठली, तेव्हा तिच्याखाली चार अंडी दिसली. टिटवी काड्यांचे घरटे बांधत नाही. जमिनीवर उथळ खळगा करते, त्यात खडे मांडते आणि अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा असतो व त्यांवर काळपट ठिपके असतात. दोन पावलांवरूनही ती खड्यांसारखीच वाटतात.

मला एक फोटो हवा होता. आई आणि चार अंडी. मी शंभर पावलांवर बैठक मारली. दुपारचे साडेअकरा वाजले होते. मालेगावचे एप्रिलचे ऊन तुम्ही अनुभवले नसेल, तर ऐकले तरी असेल. पारा चाळिशीच्या वर होता. तिपाई घट्ट होती. वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग. बिंदू बरोबर डोळ्यावर. फिल्टर तर मी केव्हाच फेकून दिला होता. तरीही प्रत्येक फोटोत टिटवी विरघळत होती! तिच्या कडा लाटांसारख्या वाकड्या झाल्या होत्या. एका फोटोत मान जाड, तर दुसऱ्यात बारीक. पुढचे खडे, मागचे गवत, काहीच स्पष्ट नव्हते.

हा चौथा प्रकार माझ्या वहीत नव्हता. मी विचार करायला हवा होता. मी विचार केला नाही. "अंतर जास्त आहे," असे म्हणून तिपाई उचलली आणि पुढे सरकलो. ऐंशी पावले. साठ पावले. शेवटी वीस पावलांवर येऊन जमिनीवर पालथा झालो.

टिटवी उडाली. डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. दोनदा तर ती माझ्या टोपीला घासून गेली. टिटवीदेखील समुद्र आटवते, अशी मराठीत म्हण आहे. त्या दिवशी ती मलाच आटवायला निघाली होती. मी मात्र हललो नाही. मनात म्हणालो, ओरडून थकेल, मग येऊन बसेल, आणि मला माझा फोटो मिळेल. अंडी उघड्यावर होती. जमीन इतकी तापली होती, की मला कोपराखाली रुमाल घ्यावा लागला. आपल्या कोपराला रुमाल लागतो, हे मला कळले. त्या अंड्यांखाली आणि अंड्यांवर काय आहे, हे कळले नाही.

"मास्तर, काय करता आहात तुम्ही?"

मी वळून पाहिले. त्या माळावर शेळ्या चारणाऱ्या एक आजी काठी टेकत उभ्या होत्या. त्यांचा नातू पूर्वी माझ्याकडे गणिताची शिकवणी घ्यायला येत असे, म्हणून त्या मला ओळखत.

"फोटो काढतो आहे, आजी. अंड्यांचा."

"ती कधीपासून ओरडते आहे. मला तिकडे बाभळीखाली ऐकू येते, तुम्हांला इथे येत नाही? अंडी भाजतील ना उन्हात! ती बसते ती उबेसाठी नाही, सावलीसाठी बसते. उठा आधी."

मी उठलो. तोंडातून शब्द निघाला नाही. आजींच्या मागोमाग मी बाभळीपर्यंत गेलो. तेथून लेन्समधून पाहिले. टिटवी थेट अंड्यांकडे गेली नाही. शेळ्यांच्या पाण्यासाठी तेथे एक हौद होता आणि हौदाखाली चिखलाचे डबके होते. टिटवी त्या डबक्यात उतरली, पोट पाण्यात बुडवून बसली आणि मग भिजलेल्या पोटाने धावत जाऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुढे मी पुस्तकांत वाचले, की टिटव्या कडक उन्हात अशा रीतीने अंडी गार ठेवतात. आजींना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्या वेळी मी फोटो काढला नाही. कॅमेरा हातात होता, तरी आठवण झाली नाही.

घरी येऊन मी फोटोंच्या नोंदी उघडल्या. टिटवी उडाली तो फोटो ११ वाजून ५२ मिनिटांचा. आजी आल्या त्याआधीचा शेवटचा १२ वाजून ३४ मिनिटांचा. बेचाळीस मिनिटे! कॅमेरा वेळ नोंदवून ठेवतो, हे मी तुम्हांला मघाशी कौतुकाने सांगितले होते.

त्या चौथ्या प्रकाराचे कारणही मग सापडले. दोष हाताचा नव्हता, लेन्सचाही नव्हता. तो मधल्या हवेचा होता. जमीन तापली, की तिच्यालगतची हवा तापते आणि वर चढते. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. अशा थरांतून येताना प्रकाश वाकतो, आणि थर सारखे हलत असल्यामुळे तो सारखा वेगवेगळा वाकतो. दुपारी डांबरी रस्त्यावर दूर पाणी दिसते, ते याच वाकलेल्या प्रकाशामुळे. मराठीत आपण त्याला मृगजळ म्हणतो, उर्दूत सराब. मी भर दुपारी मृगजळातून फोटो काढत होतो. तेथे वेग वाढवून फारसा उपयोग नाही आणि महागडी लेन्स घेऊनही नाही. मोटारीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्यांनाही हा त्रास होतो. आतली व बाहेरची हवा खिडकीशी मिसळते, आणि पुढे तापलेले इंजिन असते. उपाय एकच. सूर्य उगवताना जावे. जमीन तेव्हा अजून गार असते. जवळ जाऊन ही हवा कमी होते हे खरे, पण कोणाच्या जवळ जायचे आणि किती, हा प्रश्न लेन्सचा नाही. घरट्याजवळ तर जाऊच नये. आज पुष्कळ छायाचित्रकार घरट्यांचे फोटो काढतच नाहीत. मला ते पटते.

मीही अंड्यांचा फोटो पुन्हा काढला नाही. पण माळावर जात राहिलो. पहाटे, बाभळीआडून, दुरून. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी टिटवीच्या पायांशी तीन पिल्ले दिसली. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात. ती चालत होती, थांबत होती, आईच्या पंखाखाली शिरत होती. चौथे अंडे तसेच होते. तिसऱ्या दिवशी खळगा रिकामा होता. कावळ्याने नेले असेल, मुंगसाने नेले असेल.

ते अंडे का उबले नाही, हे मला माहीत नाही. प्रत्येक अंडे उबतेच असे नाही. ते मुळातच निकामी असेल. मी स्वतःला असे पुष्कळदा सांगितले. पण प्रत्येक वेळी ती बेचाळीस मिनिटे आठवतात. गणिताचा शिक्षक असूनही मला हा हिशेब सोडवता आलेला नाही.

पिल्लांचा एक फोटो मात्र मी काढला होता. पहाटेचा उजेड कमी होता. पक्षी फार दूर होते आणि चित्रात ते अंगठ्याच्या नखाएवढेच आले. टिटवी पंख थोडे उघडून उभी आहे आणि तिच्या पायांमध्ये तीन ठिपके आहेत. त्याची छापील प्रत घेऊन मी आजींकडे गेलो. त्या अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो घेतला, जवळ धरला, लांब धरला, मान तिरकी करून पाहिला.

"ही आपली माळावरचीच का?"

"हो, आजी. आणि ही तिची पिल्ले. तीन आहेत."

त्यांनी पुन्हा पाहिले.

"मास्तर, मला काही दिसत नाही. फोटो हलला आहे, की माझेच डोळे गेले?"

"फोटो बराच आहे, आजी. फक्त लहान आहे."

"मग डोळेच," असे म्हणून त्या हसल्या. "मोतीबिंदू आहे म्हणे. पावसाळ्यानंतर करू म्हणतो डॉक्टर. ठेवून जा इथे. तेव्हा मोजते, तीन आहेत का ते."